मोटार-अभियंत्याचा व्यवसाय आणि आपली मुले

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या वेळी केलेले भाषण)



चिटणीसांनी मला या विषयावर बोलावयास सांगितले तेव्हा मी त्यांना प्रथम नकारच दिला. मी अभियंता नव्हे. मी मॅट्रिक झालेला, अध्यापनाची पदविका घेऊन जन्मभर सातवीपर्यंतच्या मुलांना गणित शिकविलेला एक निवृत्त शिक्षक आहे. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, या विषयात तुम्ही चुकला आहात आणि शिकलाही आहात, तेच सांगा." त्यांच्या या म्हणण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून आज आपणांपुढे उभा आहे.

आपला पिढीजात धंदा लोहारकीचा. आपल्यातील वडीलधाऱ्यांना बैलगाडीच्या चाकावर धाव चढविण्याचा सोहळा आठवत असेल. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी वडिलांच्या भात्यापुढे मी तो शेकडो वेळा पाहिला आहे. चाकाचा परीघ दोरीने मोजावयाचा, लोखंडी धाव त्याहून बोटभर आखूड ठेवावयाची, मग गोवऱ्यांच्या गोल रचलेल्या आगीत ती लाल होईपर्यंत तापवावयाची. तापली की ती वाढते. तिघाचौघांनी सांडशीने उचलून ती लाकडी चाकावर बसवावयाची आणि लागलीच पाण्याच्या घागरी ओतावयाच्या. वाफेचा लोट उठे, लाकूड करकरे, आणि आकसलेली धाव आरे, तुंबा व सारे चाक असे घट्ट आवळून धरी की वर्षानुवर्षे ते हलत नसे. वडिलांना अक्षरओळख नव्हती. परंतु उष्णतेने धातू किती प्रसरण पावतो, याचे गणित त्यांच्या बोटांत होते.

पुष्कळ वर्षांनी माझ्या मुलाने मला सांगितले, "अप्पा, मोटारीच्या इंजिनाला एक जड चाक असते. त्याच्याभोवती दात्यांचे कडे असते. ते कडे आजही तापवून, मोठे करून चढवितात. थंड झाले की ते घट्ट बसते. आपल्या धावेचीच युक्ती ती." त्या दिवशी मला उमगले की, ज्या ज्ञानाकडे पाठ फिरवून मी शाळेत गेलो, ते ज्ञान काही मागे राहिले नव्हते. ते पुढे जाऊन कारखान्यात उभे होते, आणि मागे राहिलो होतो तो मी.

मोटारीचा जन्म लोहाराच्या ऐरणीपासून फार दूर झालेला नाही. जर्मनीतील कार्ल बेन्झ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारगाडीचे पेटंट घेतले. लोकांचा त्या गाडीवर विश्वास बसेना. तेव्हा १८८८ साली त्यांच्या पत्नी बेर्था बेन्झ यांनी पतीला न सांगता, आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमपासून आपल्या माहेरच्या गावापर्यंत सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास त्या गाडीने केला. वाटेत इंधन संपले ते औषधांच्या दुकानातून घेतले, नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, ब्रेक झिजले त्यांवर चांभाराकडून चामडे ठोकवून घेतले. आणि साखळीने दगा दिला तेव्हा ती एका लोहाराने दुरुस्त करून दिली, असे सांगतात. जगातील पहिल्या लांबच्या मोटार-प्रवासाला आपल्याच व्यवसायातील एका अनामिक माणसाचा हात लागला, याचा आपणांस अभिमान वाटावयास हरकत नाही.

आपल्या प्रदेशातही हा इतिहास मोठा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हावयास मुंबईस गेले. रंग ओळखण्यात दोष निघाला म्हणून यंत्रांची रेखाटने शिकले, आणि १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून त्यांनी आरंभ केला. त्यातूनच पुढे लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, आणि तिच्या गाड्या बांधण्यासाठी दापोडीचा कारखाना नावारूपास आला. पुढे सुमंत मूळगावकरांसारख्या मराठी अभियंत्याने टेल्कोच्या पुण्यातील कारखान्याची उभारणी केली. १९९४ साली आलेल्या सुमो गाडीच्या नावात त्यांच्याच नावाची व आडनावाची आद्याक्षरे आहेत. पिंपरी, आकुर्डी, चाकण, वाळूज, नाशिक ही नावे आज आपल्या मुलांच्या तोंडी असतात ती या उद्योगामुळेच.

आता ज्यासाठी मला येथे उभे केले आहे ते सांगतो.

माझा धाकटा मुलगा २००४ साली दहावी उत्तीर्ण झाला. गुण बरे होते, फार नव्हेत. लहानपणापासून त्याचा मुक्काम माझ्या थोरल्या बंधूंच्या, म्हणजे दादांच्या, कामाच्या छपरात. दादांनी लोहारकीच्या जोडीला वेल्डिंग आणि ट्रॅक्टर-दुरुस्ती सुरू केली होती. निकालाच्या दिवशी मुलाने मला सांगितले की, त्याला तंत्रनिकेतनात ऑटोमोबाईल इंजिनिअरिंगच्या पदविकेस जावयाचे आहे. मी त्याला जे उत्तर दिले ते आज चारचौघांत उच्चारताना मला लाज वाटते. मी म्हणालो, "घराण्याचे काळे हात मी एका पिढीत पांढरे केले, ते तू पुन्हा काळे करणार काय?"

दादा त्या वेळी ओसरीवर बसले होते. ते मला नेहमी थट्टेने मास्तर म्हणत. ते म्हणाले, "मास्तर, पोराच्या हाताला कान आहेत. इंजिनावर हात ठेवला की त्याला दुखणं कळतं. त्याला अडवू नकोस." मी त्यांना म्हणालो, "दादा, तो भात्याचा जमाना गेला." दादा काही बोलले नाहीत, पायांत वहाणा घालून कामावर निघून गेले.

मी मुलाला अकरावी विज्ञानास घातले. त्याने डॉक्टर व्हावे, निदान शिक्षक तरी व्हावे, अशी माझी इच्छा. बारावीस तो गणितात अनुत्तीर्ण झाला. पुन्हा बसला, पुन्हा तेच. जन्मभर इतरांच्या मुलांना गणित शिकविणाऱ्या माझ्यासारख्याच्या घरात हे घडले. त्या तीन वर्षांत आम्हा बापलेकांत जेवणाखाणापलीकडे बोलणे उरले नाही. अखेर २००७ साली, दहावीच्या त्याच गुणपत्रिकेवर, तो ज्या पदविकेस तीन वर्षांपूर्वी गेला असता त्याच पदविकेस दाखल झाला. पुस्तकात त्याला न उलगडलेले गणित तेथे यंत्रापाशी उलगडले. २०१० साली तो प्रथम वर्गात उत्तीर्ण झाला. तो निकाल ऐकावयास दादा नव्हते. आदल्याच वर्षी ते गेले. मुलाची तीन वर्षे त्याने पुढे भरून काढली. परंतु दादांना "तुमचेच खरे होते" असे सांगण्याची माझी वेळ कायमची गेली.

पदविकेनंतर वर्षभर त्याने एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारी केली, आणि २०११ पासून तो वाहनांच्या चाचणीच्या कामात आहे. त्याच्याकडे ब्रेकची चाचणी असते. एकदा त्याने मला विचारले, "अप्पा, गाडीचा वेग चाळीसवरून ऐंशी झाला, तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर किती वाढेल?" मी म्हणालो, दुप्पट. तो हसून म्हणाला, "चौपट. अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते." वर्ग आणि वर्गमूळ मी हजारो मुलांकडून घोकून घेतले असेल, परंतु त्या वर्गात एखाद्या रस्ता ओलांडणाऱ्या लेकराचा जीव असतो, हे मला माझ्या मुलाने शिकविले.

असो. आता विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना उपयोगी पडेल अशी थोडी माहिती देतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. मोटार-अभियंता म्हणजे गॅरेजातील मिस्त्री नव्हे, आणि मिस्त्री म्हणजे कमी प्रतीचा माणूसही नव्हे. मिस्त्री बिघडलेले दुरुस्त करतो. का बिघडले आणि पुढील हजार गाड्यांत ते का बिघडू नये, याचा विचार अभियंता करतो. दोघांनाही एकमेकांवाचून चालत नाही. या व्यवसायात कामे अनेक प्रकारची आहेत. कोणी आराखडे करतो, कोणी कारखान्यात उत्पादन पाहतो, कोणी चाचणी करतो, कोणी विक्रीनंतरच्या सेवेची जबाबदारी घेतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये कोणतेही नवे वाहन बाजारात येण्यापूर्वी त्याची मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी व्हावी लागते. अशा संस्थांपैकी ए.आर.ए.आय. ही १९६६ पासून पुण्यात आहे, भोसरीस सी.आय.आर.टी. आहे; अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, येथे संरक्षण खात्याची वाहन-संशोधन संस्था आहे. ज्यांना सरकारी सेवा हवी त्यांच्यासाठी सहायक मोटार वाहन निरीक्षकाचे पद आहे. त्याची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो आणि त्यास ऑटोमोबाईल किंवा यंत्र अभियांत्रिकीची पदविका चालते. एस.टी.च्या कार्यशाळा आहेत. अपघातग्रस्त गाडीच्या नुकसानीचे मोजमाप करणारे विमा-सर्वेक्षक लागतात. ज्याच्यापाशी धाडस आहे त्याला स्वतःची कार्यशाळाही काढता येते.

वाटा तीन आहेत. दहावीनंतर आय.टी.आय.त मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, ही पहिली. दहावीनंतरच तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका, ही दुसरी. बारावीला भौतिकशास्त्र व गणित घेऊन, प्रवेश परीक्षा देऊन, चार वर्षांची पदवी, ही तिसरी. लक्षात ठेवावयाची गोष्ट ही की, या वाटा एकमेकींना मिळतात. आय.टी.आय. झालेल्यास पदविकेच्या आणि पदविका झालेल्यास पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. म्हणून धाकट्या वाटेने निघालेला मुलगा थोरल्या मुक्कामास पोचणार नाही, असे कोणी समजू नये. ज्याला आताच निश्चय होत नसेल त्याने यंत्र अभियांत्रिकी, म्हणजे मेकॅनिकल शाखा, घेतली तरी चालेल. मोटार-उद्योगात त्या शाखेच्या उमेदवारांना सर्वत्र वाव असतो आणि इतर उद्योगांची दारेही उघडी राहतात.

महाविद्यालय निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी जमिनीचा तुकडा विकून मुलाला एका खाजगी महाविद्यालयात घातले. माहितीपुस्तिकेत रंगीत चित्रे होती. प्रत्यक्षात चार वर्षांत मुलाने एकदाही स्वतःच्या हाताने इंजिन खोलले नाही. प्रवेश घेण्यापूर्वी कार्यशाळा पाहून या. इंजिने कापून मांडलेली आहेत की वापरात आहेत, यंत्रांवर धूळ आहे की तेल, हे पाहा. मागील वर्षी बाहेर पडलेल्या दोन विद्यार्थ्यांना गाठून विचारा. जाहिरातीपेक्षा ते खरे सांगतील.

कष्टांविषयीही सांगितले पाहिजे, नाहीतर मी पुन्हा एकदा चुकीचा सल्ला देणारा मास्तर ठरेन. आरंभीचा पगार थोडा असतो. पाळ्यांमध्ये काम करावे लागते. पुष्कळांना प्रथम काही वर्षे कंत्राटावर काढावी लागतात, आणि उद्योगात मंदी आली की तेच प्रथम घरी बसतात. कारखान्याचा गणवेश आणि गळ्यातील ओळखपत्र पाहून हुरळून जाऊ नये. जो मुलगा रोज नवीन शिकत राहील, त्याचेच येथे निभावेल.

कारण हा व्यवसाय झपाट्याने बदलत आहे. मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अनेक दशके धावली. २०२३ च्या ऑक्टोबरात तीही सेवेतून गेली. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशाने धुराच्या नियमांत चौथ्या टप्प्यावरून, पाचवा टप्पा गाळून, एकदम सहावा गाठला, आणि त्यासाठी इंजिनाच्या रचनेत व धूर शुद्ध करण्याच्या यंत्रणेत मोठे बदल करावे लागले. आता विजेवर चालणारी वाहने आली आहेत. पेट्रोल जाळून निघणाऱ्या शक्तीपैकी साधारण चतुर्थांश ते तृतीयांश भागच कामी येतो, बाकीची उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेच्या मोटरीत हा व्यय फार थोडा असतो. मग इंजिन गेल्यावर मोटार-अभियंत्याचे काम संपले काय, असे मी मुलाला विचारले. तो म्हणाला, "अप्पा, इंजिन गेले तरी चाके, ब्रेक, सुकाणू, धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगा, सांगाडा हे सर्व आहेच. उलट बॅटरी जड असते, ती तापते. तिला थंड कसे ठेवावयाचे आणि अपघातात तिचे रक्षण कसे करावयाचे, हे नवे काम आले." तेव्हा आजच्या विद्यार्थ्याने यंत्राबरोबर विजेचे व संगणकाचे ज्ञानही घेतले पाहिजे. बैलगाडी गेली म्हणून आपला धंदा बुडाला असे म्हणत जे बसले, ते बसूनच राहिले. ज्यांनी वेल्डिंगची कांडी हाती घेतली त्यांच्या चुली पेटत्या राहिल्या. हाच धडा पुन्हा गिरवावयाचा आहे.

आमच्या भगिनींनाही एक शब्द. मोटार-कारखान्यातील नोकरीच्या एका जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते, ते वाचून १९७४ च्या सुमारास एका तरुणीने थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहिले. तिला मुलाखतीस बोलाविले गेले आणि टेल्कोत अभियंता म्हणून घेतले गेले. त्या म्हणजे आज सर्वांना लेखिका म्हणून परिचित असलेल्या सुधा मूर्ती. त्या गोष्टीस पन्नास वर्षे लोटली. आज तसे छापण्याचे धैर्य कोणी करणार नाही. परंतु ती ओळ काही घरांतून अजून बोलली जाते. आपल्या मुलीने पाना हाती घेतला तर तो काढून घेऊ नका. भाता ओढणाऱ्या आणि घण घालणाऱ्या स्त्रिया आपल्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या होत्या, हे विसरून कसे चालेल?

शेवटी, अध्यक्षमहाशय, एक कबुली आणि एक विनंती.

आपल्या संस्थेचा विद्यार्थी-साहाय्य निधी आहे. त्याच्या नियमांनुसार पारितोषिके दहावी-बारावीच्या गुणांवर दिली जातात आणि साहाय्य केवळ पदवीच्या विद्यार्थ्यांस मिळते. हे नियम ठरविणाऱ्या समितीत मी होतो. काही वर्षांपूर्वी आय.टी.आय.त मोटार मेकॅनिक शिकणाऱ्या, वडील नसलेल्या एका मुलाचा अर्ज आला होता. त्याला पान्यांचा संच घ्यावयाचा होता; रक्कम किरकोळ होती. नियमात बसत नाही म्हणून आम्ही अर्ज परत केला, आणि ते नकाराचे पत्र माझ्याच हस्ताक्षरात गेले. अक्षर सुंदर होते. तो मुलगा पुढे शिक्षण सोडून गेला, असे मागाहून कळले. तो कोठे आहे, मला ठाऊक नाही. माझ्या मुलाची तीन वर्षे मी वाया घालविली, ती त्याला परत मिळाली. कारण त्याच्या पाठीशी घर होते. या मुलाच्या पाठीशी आपण होतो, आणि आपण नियम दाखविला.

म्हणून माझी विनंती अशी. येत्या वार्षिक सभेत तो नियम बदलावा. आय.टी.आय. व पदविकेच्या विद्यार्थ्यांना पदवीच्या विद्यार्थ्यांइतकाच हक्क असावा. हत्यारांसाठी बिनव्याजी उचल देण्याची सोय असावी. पहिल्या पगारापासून ती हप्त्याने परत यावी. आणि पुढील वर्षी या व्यासपीठावर गुणपत्रिकेबरोबर उत्तम हस्तकौशल्याचाही गौरव व्हावा. त्या पारितोषिकासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून दरवर्षी एक रक्कम देण्याची माझी तयारी आहे. त्यास माझे नाव देऊ नये. माझ्या थोरल्या बंधूंचे द्यावे. ते दहावीपर्यंत पोचले नाहीत. पण पोराच्या हाताला कान आहेत, हे त्यांनी ऐकले होते.

विद्यार्थी मित्रांनो, हात काळे झाले तर साबणाने धुता येतात. कामाला हलके मानणारे मन धुवावयास मला सहा वर्षे लागली. तुम्हांला तेवढा वेळ लागू नये, एवढीच इच्छा.